सतरा नंबरातली बाई

१

गुरुवारी संध्याकाळी हेमचंद्र घरी आले ते खिशात बेचाळीस जाहिराती घेऊन.

चपला काढून ते तसेच टीव्हीपाशी गेले, मागे हात घालून चाचपडत पेन ड्राइव्ह खुपसला आणि म्हणाले, "प्रमिला, आजपासून आपल्याकडे जपान."

त्यांची कंपनी जपानहून खाण्याच्या वस्तू मागवायची. सोया सॉस, व्हिनेगर, करीच्या वड्या, नूडल्स, भातावर भुरभुरायच्या पुड्या. तिकडच्या कारखानदारांनी आपल्या टीव्हीवरच्या जाहिराती पाठवल्या होत्या आणि त्या इथे दुबईतल्या सुपरमार्केटांतल्या पडद्यांवर लावायच्या होत्या. पण त्याआधी कुणीतरी बसून एकेक जाहिरात डोळ्यांत तेल घालून बघायची. कितव्या सेकंदाला डुकराचं मांस दिसतं, कितव्या सेकंदाला दारू घातलेला मसाला दिसतो, ते लिहून द्यायचं. मग तेवढा तुकडा कापला जाणार. ऑफिसातल्या पोरांनी हे काम गोड बोलून हेमचंद्रांच्या गळ्यात बांधलं होतं.

"दोन-तीन आठवड्यांत लिस्ट दिली की खलास," ते म्हणाले.

"पण जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या माणसाला डुक्कर ओळखू कसं येणार?"

"म्हणून तर घरी आणलं. म्हटलं, तू सांगशील."

"मी काय डुकरांच्या शाळेत होते?"

जेवता जेवता दोघांनी जपान बघितला. एका जाहिरातीत एक आजोबा पांढऱ्या पनीरसारख्या वडीला कमरेतून वाकून नमस्कार करत होते. एकीत कोटटाय घातलेली सहा माणसं ओळीने बसून नूडल्स ओढत होती, आणि तो आवाज असा की हेमचंद्र म्हणाले, "आमच्या आईने एकेकाला पानावरून उठवलं असतं." एका छोट्या मुलीने गरम भातावर कसलीशी पूड भुरभुरली आणि डोळे मिटले. ते बघून प्रमिलाला हसू आवरेना. "अहो, हे तर मेतकूट. सातासमुद्रापार जाऊन यांनी मेतकूट शोधलं."

नवव्या जाहिरातीला हेमचंद्रांचा डोळा लागला. प्रमिलाने त्यांच्या मांडीवरची वही अलगद उचलली. शिक्षण तिचं दहावीपर्यंतच, पण अक्षर मोत्यासारखं होतं, आणि सेकंद मोजण्याचं काम तिला मनापासून आवडलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी टीव्ही लावायचा, वही ओट्यावर ठेवायची आणि हॉलच्या भिंतीत असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बघत लिहायचं, असं तिचं ठरून गेलं.

२

प्रमिलाची एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

जानेवारीत तिला साधा ताप आला होता. ताप गेला, सर्दी गेली आणि जाताना जिभेची चव घेऊन गेली. पंधरा दिवसांत येईल परत, असं तिने धरलं. आता मे लागला होता, बाहेर बेचाळीस डिग्री झाली होती आणि तोंडात अजून कागद चावल्यासारखं वाटायचं. मीठ आणि साखर डब्यावरच्या नावानेच ओळखायची. वासही गेला होता. फोडणी तिला फक्त ऐकू यायची.

दुबईच्या करामा भागात राहून तिला सव्वीस वर्षं झाली होती. मराठी मंडळात आमटी म्हटलं की प्रमिलाताई, हे सगळ्यांना पाठ होतं. त्या हाताच्या सवयीवरच ती आता स्वयंपाक रेटत होती. चमचे मोजायची, मोहरीचा तडतडाट ऐकायची, रंग बघायची. हेमचंद्रांना विचारून उपयोग नव्हता, कारण त्यांना समोर येईल ते छानच लागायचं. शेजारची मुनिबा कधी म्हणालीच, "बाजी, ज़रा चख के तो देखो," तर प्रमिला म्हणायची, "आज भगवान का भोग है, पहले नहीं चखते." नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हा सासूबाईंचा नियम तिला आता फार उपयोगी पडत होता. महिन्यातून वीस दिवस तिच्याकडे नैवेद्य असायचा.

सांगून टाकलं असतं तिने. पण आभाचं काय?

आभा त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच शिकली, आता नवऱ्याबरोबर, सुजीतबरोबर, शारजाला, रोल्ला भागात राहत होती. तिला सातवा लागला होता आणि अजून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई दर वेळी काट्याकडे बघून मान हलवायच्या. बाळाचं वजन वाढायला हवं होतं. सुरुवातीला आभा म्हणायची, "आई, आय ओन्ली वॉन्ट युवर फूड," आणि खरंच आईच्या हातचं चार घास खायची. पण गेल्या महिन्यापासून तेही ताट बाजूला सरकवायला लागली होती.

"इट्स नाइस, आई. माइंड करू नको. जस्ट… आय कान्ट."

त्या दिवशी प्रमिला स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसून राहिली. भाजीत मीठ जास्त झालं होतं की पडलंच नव्हतं, एवढंसुद्धा तिला सांगता आलं नसतं. आपण चुकतोय आणि पोर उपाशी राहतेय, हा विचार तिला सुचला तो मग हललाच नाही.

आणि महिन्याअखेरच्या शनिवारी डोहाळजेवण ठरलं होतं.

"केटररला सांगू या," हेमचंद्र म्हणाले. "तेवीस बायका आहेत. तू किती करणार?"

"माझ्या मुलीचं डोहाळजेवण, आणि पुऱ्या कुणा परक्याच्या हातच्या?"

हेमचंद्रांनी विषय सोडला. मग रात्रभर तिला वाटत राहिलं की त्यांनी सोडायला नको होता.

३

सतरा नंबरची जाहिरात तीस सेकंदांची होती. वहीत तिने लिहिलं होतं: "१७. बाई एकटी. पातेलं. १९ व्या सेकंदाला चाखते, हसते. कापण्यासारखं काही नाही."

बाई प्रमिलाच्याच वयाची असेल. केसांचा घट्ट अंबाडा, कोपरापर्यंत येणाऱ्या निळ्या बाह्यांचा एप्रन. मागे लाकडी कपाटं आणि एक खिडकी. पातेल्यात काहीतरी पातळ रटरटत असायचं. बाई पळीने त्यातलं थोडंसं एका एवढ्याशा ताटलीत घ्यायची आणि ताटलीतून चाखायची. पळीला तोंड लावायची नाही. प्रमिलाला हे फार बरं वाटलं. सासूबाईंनी या बाईला पहिल्या फटक्यात पास केलं असतं.

सोमवारी दुपारी गॅसवर आमटी उकळत होती आणि टीव्हीवर एकामागून एक जाहिराती चालू होत्या. प्रमिलाने खिडकीतून सहज बघितलं. सतरा नंबर लागला होता. बाईने ताटली ओठाला लावली आणि ती हसली नाही.

ती थांबली. भुवया जराशा जवळ आल्या. मग तिने अगदी हलकेच मान हलवली आणि तिचा डावा हात बाजूच्या बुटक्या बरणीकडे गेला. बरणीत मीठ होतं. लगेच पडद्यावर विकायच्या मालाची बाटली आली, मागून निवेदिकेचा आनंदी जपानी आवाज आला, जाहिरात संपली.

प्रमिलाने वही बघितली. "हसते" असंच लिहिलं होतं.

ती हात पुसत हॉलमध्ये गेली आणि जाहिरात पहिल्यापासून लावली. एकोणिसावा सेकंद. भुवया, मान, मिठाची बरणी. आपण दुसऱ्याच कुठल्या जाहिरातीचं हसू इथे लिहिलं असेल, ती मनाशी म्हणाली. पण मग जाहिरातवाले असं दाखवतील कशाला? आमचा माल घाला आणि तोंड वाकडं करा?

तिला हसू आलं. हसता हसताच ती आत गेली, आणि दुसरं कुणी विचारायला नव्हतंच म्हणून तिने आमटीत अर्धा चमचा मीठ घातलं. ढवळलं. पुन्हा येऊन जाहिरात लावली.

बाईने चाखलं. डोळे मिटले. मग ती अशी हसली की डोळ्यांच्या नुसत्या रेघा राहिल्या.

रात्री जेवताना हेमचंद्र एक शब्द बोलले नाहीत. तीनदा आमटी घेतली, वाटी बोटाने पुसली, तेव्हा कुठे मान वर केली. तीस वर्षांच्या संसारात प्रमिलाला एवढं कळलं होतं की हा माणूस 'छान' म्हणतो ते सभ्यपणा म्हणून. खरंच छान असलं की त्याला बोलायला वेळ नसतो.

४

त्यानंतरचे दिवस प्रमिला नंतरही कधी विसरली नाही, इतके ते मजेचे होते.

जे गॅसवर असेल ते झालं की सतरा नंबर लावायचा. बाई मिठाकडे हात नेई. कधी ओठ चंबू करी, म्हणजे चिंच जास्त. एकदा मिसळीच्या दिवशी तिने चाखलं आणि तोंडासमोर हाताने वारा घालायला लागली. शेवटी बाटली आली तेव्हा ती मागे पेल्याने पाणी पीत होती. प्रमिला ओट्याला धरून हसली. त्या हसण्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की जानेवारीपासून आपण एवढं हसलो नव्हतो.

आपल्याला दिसतंय ते आपल्याच मनातलं, असं तिने स्वतःला समजावलं. हाताला सगळं ठाऊक आहे, फक्त जीभ गेली, म्हणून डोळ्यांकडून काम चाललंय. हे कारण तिला सोयीचं वाटलं आणि तिने ते ठेवून घेतलं. एकदा हेमचंद्रांनाही समोर बसवलं.

"ही बघा. एकोणीसला काय करते ते सांगा."

"चाखते. हसते. मग?"

"काही नाही."

"डुक्कर आहे का त्यात?"

"नाही हो. जा तुम्ही."

हे खरं की तेव्हा गॅसवर काहीच नव्हतं. बाईला चाखायला काही नव्हतं म्हणून ती नेहमीसारखी हसली असावी. हा विचार आला तसा प्रमिलाने तो झटकून टाकला आणि कांदा चिरायला घेतला.

मुनिबाकडे गेलेला डबा दुसऱ्या दिवशी परत आला तो खजूर घालून. "बाजी, आपके हाथ में क्या आ गया है?" मुनिबाने दारातूनच विचारलं. "मेरे मियाँ कहते हैं, तुम भी सीख लो. मैंने कहा, यल्ला, चलिए, आप वहीं जा के रहो."

आणि शनिवारी आभा आली. तोंड उतरलेलं, पाय सुजलेले. प्रमिलाने पोळी, मुगाची उसळ आणि साधी आमटी वाढली आणि स्वतः पाणी आणायच्या निमित्ताने उठली. बघायची हिंमत नव्हती.

"आई."

"काय गं?"

"व्हॉट डिड यू डू?"

प्रमिलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "का? काय झालं?"

"नथिंग. थोडी अजून वाढ ना."

सुजीतने फोन खाली ठेवला. हेमचंद्रांचा घास हातातच राहिला. घरातली तीन माणसं श्वास धरून चौथीचे घास मोजत होती आणि मोजत नाही असं दाखवत होती. आभाने दोन पोळ्या खाल्ल्या, वाटीभर आमटी प्यायली आणि सोफ्यावर आडवी होऊन दोन तास गाढ झोपली. काही उलटून पडलं नाही.

सुजीत ताटं ठेवायला आत आला आणि हळूच म्हणाला, "आई, चार महिन्यांत पहिल्यांदा."

त्याने ताटं सिंकमध्ये ठेवली. तो गेल्यावर प्रमिलाने खिडकीतून बंद टीव्हीकडे बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं "थँक यू" म्हणाली.

५

बुधवारी ती बिल्डिंगमध्ये बोलावणी करायला निघाली. मंडळातल्या बायकांना फोन झाले होते, पण शेजाऱ्यांना कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून बोलवायचं, हे तिने दुबईतही मोडलं नव्हतं. शेवटी ती मुनिबाच्या दारात गेली.

"मुझे भी लगाओगी?" मुनिबाने कपाळ पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. "नहीं, हाथ पे लगा दो. अंदर सास बैठी हैं."

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. ते हसू घेऊनच प्रमिला घरी आली. गॅसवर भाजी होती, म्हणून टीव्ही चालूच होता. सतरा नंबर लागला होता. बाईने चाखलं, पसंत पडल्याची मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे सरळ समोर बघून हसली.

प्रमिलाच्या बोटाला कुंकू तसंच होतं.

तिची आई म्हणायची, ज्याचा स्वयंपाकाला हात लागला त्याचं बोलावणं चुकवायचं नाही. प्रमिला पुढे झाली आणि काचेवर, त्या बाईच्या कपाळाच्या जागी, बोट टेकवलं.

"शनिवारी आमच्या आभाचं डोहाळजेवण आहे. नक्की यायचं हं. जेवायलाच यायचं."

मग स्वतःलाच वेड्यात काढत ती ओला फडका घेऊन आली. हेमचंद्रांनी बघितलं असतं तर महिनाभर चिडवलं असतं. काच लख्ख पुसली, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. जाहिराती पुढे जाऊन फिरून सतरावर आल्या.

काचेवर काही नव्हतं. बाईच्या कपाळावर कुंकू होतं.

प्रमिलाने पुन्हा फडका फिरवला. फडका कोराच राहिला. रंग आत उतरला असेल, तिने स्वतःला सांगितलं, टीव्ही जुना आहे, काचेत फटी असतात. पण काचेवरचा डाग एका जागी राहतो. हा डाग बाई वाकली की वाकत होता, ती वळली की तिच्याबरोबर वळत होता, आणि भुवयांच्या बरोबर मधोमध होता.

तिने टीव्ही बंद केला आणि खुर्चीवर बसली. भीती वाटली का? नक्की सांगता आलं नसतं. उपचार म्हणून आपण एखादीला "या हं" म्हणावं आणि तिने तिथल्या तिथे "हो, येते" म्हणावं, तेव्हा जशी अडचण होते, तशी तिची झाली होती. आता नाही कसं म्हणणार?

६

त्यानंतर तिने टीव्ही लावला नाही. यादी पुरी झाली होती. सोमवारी हेमचंद्र पेन ड्राइव्ह परत नेणार होते, मग विषय संपणार होता. शनिवारचा स्वयंपाक आपण आपल्या हाताने करायचा, तिने ठरवलं. देवाला दाखवायचं अन्न आहे, ते कुणी चाखायचंच नाही. कुणीच.

शनिवारी पहाटेपासून ती उभी होती. दहापर्यंत मसालेभात, आमटी, बटाट्याची भाजी, सुरळीच्या वड्या, कोशिंबीर, शेवयांची खीर, सगळं ओट्यावर ओळीने मांडून झालं. पुऱ्या तेवढ्या ऐनवेळी करायच्या होत्या. हेमचंद्र फुलांचे दागिने आणायला बर दुबईच्या बाजारात गेले होते. घरात ती एकटी होती.

तिने सगळ्या पातेल्यांकडे बघितलं आणि तिचा धीर सुटला. यातलं एक जरी बिघडलं असेल तर? तेवीस बायकांच्या देखत आभाने ताट सरकवलं तर? आठवड्याभरात कुठे एक किलो वजन वाढलं होतं.

एकदाच, ती म्हणाली. तिने टीव्ही लावला आणि सतरा नंबरवर नेला.

लाकडी कपाटं होती. खिडकी होती. पातेलं होतं, पण त्यावर झाकण होतं आणि खालची शेगडी बंद होती. फडका धुऊन, घडी घालून नळावर वाळत टाकलेला होता. बाई नव्हती.

पहिले दहा सेकंद तसेच गेले. एकोणिसावा सेकंद आला आणि गेला. आवरून ठेवलेलं स्वयंपाकघर नुसतं दिसत राहिलं, एखादी बाई कुठे कार्याला जाताना आवरून जाते तसं. शेवटी रिकाम्या ओट्यासमोर बाटली आली आणि तो आनंदी आवाज आला.

प्रमिलाने तीनदा लावून बघितलं. मग टीव्ही बंद करून पेन ड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळला आणि हेमचंद्रांच्या ऑफिसच्या बॅगेत तळाशी ठेवला.

ती आत आली तेव्हा खिरीवर धरलेली साय एका कडेला मोडलेली होती. फार नाही, पळीभर. आणि ओट्याच्या टोकाला, कोरड्या जागी, तिची सगळ्यात छोटी, चटणीची वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

मीच धुतली असेन, प्रमिला मोठ्याने म्हणाली. सकाळपासून पन्नास भांडी धुतली, त्यात ही एक. खीर ढवळताना साय मोडली असेल. तिने साय पळीने सारखी केली. देवापुढे नैवेद्य ठेवताना मात्र तिने खिरीची वाटी ठेवली नाही. उष्टं झालं होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण देवाशी लबाडी नको.

७

बारा वाजेपर्यंत घर भरून गेलं. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला. हेमचंद्र आणि सुजीत यांना बायकांनी हुसकून लावलं. ते दोघं खालच्या कॅफेटेरियात चहा पीत बसले.

हिरव्या साडीत, फुलांच्या बाजूबंदात आणि वेणीत आभा अशी दिसत होती की मुनिबाने तिच्याभोवती सात वेळा मिरच्या ओवाळायची तयारी दाखवली. ओटी भरली. गाणी झाली. कुणीतरी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, आभाने एक उघडली, पेढा निघाला.

"मुलगा," सगळ्या एका सुरात ओरडल्या.

"बट आय वॉन्ट बर्फी," आभा म्हणाली आणि घर हास्याने दणाणलं.

मग पुऱ्या तळून झाल्या, वाढायची भांडी हॉलमध्ये आली आणि पानं वाढली. आभाच्या ताटाभोवती रांगोळी होती. तिने पहिला घास उचलला आणि हात थांबला. तेवीस बायका कौतुकाने तिच्या तोंडाकडे बघत होत्या. प्रमिलाला तिच्या कपाळावरचा घाम दिसला. ती जवळ वाकली.

"आई, आय कान्ट. सगळ्या बघतायत. मी किचनमध्ये बसून खाते, प्लीज."

"जा बाळा. दार लोटून घे."

आभा ताट घेऊन आत गेली. हॉलमधल्या खिडकीला प्रमिलाने सकाळीच पडदा लावला होता. ती वाढत राहिली. पुऱ्या फिरवल्या, आग्रह केला, मसालेभाताचं कौतुक ऐकलं. बायका आमटी मागून मागून घेत होत्या. चुकलं नव्हतं म्हणायचं. पण तिचा सगळा जीव त्या दाराकडे होता. दहा मिनिटं झाली. पोर रडत बसली असेल.

ती दाराशी गेली. आतून आभाचा आवाज येत होता. आभा बोलत होती. इंग्रजीत नाही, चांगल्या मराठीत, लहानपणी बोलायची तसं भरभर, आणि मधेच हसत होती. मग पळी पातेल्याच्या काठावर वाजली.

प्रमिलाने मागे वळून बघितलं. तेवीस बायका पानांवर होत्या. मुनिबा कोशिंबिरीचं भांडं घेऊन उभी होती.

दार बोटभर उघडं होतं. तिने डोळा लावला.

आभा पाठमोरी, स्टुलावर बसली होती. हिरवी साडी, वेणीवरची शेवंती, आणि हात ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे, न थांबता, सावकाश, भूक लागलेल्या माणसाचा जातो तसा जात होता. ताट अर्ध्याहून रिकामं झालं होतं. फ्रिजच्या आडून, जिथलं दारातून काही दिसत नाही त्या बाजूने, एक हात पुढे आला. कोपरापर्यंत निळी बाही. हाताने ताटात पळीभर वाढलं.

आभाने ताटावर पंजा धरला. "अहो पुरे, किती वाढता."

त्या हाताने पंजाखालून, कडेने, आणखी थोडं वाढलंच.

आणि त्याच क्षणी प्रमिलाच्या तोंडात चव आली. चिंच. मग गूळ. मग गोडा मसाला, तिने स्वतः भाजलेला, जिभेच्या मागच्या बाजूला. चार-साडेचार महिन्यांनी. तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, तरी आत आभा एकेक घास घेत होती आणि इथे तिला एकेक घास कळत होता. मीठ बरोबर होतं. सगळं अगदी बरोबर होतं. तिचे डोळे भरून आले. मग पुढचा घास आला. तो मऊ होता, खारट, कुठल्यातरी लांबच्या समुद्रासारखा. तसलं काही तिने आज केलं नव्हतं. जन्मात कधी केलं नव्हतं.

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला. एक पाऊल टाकलं की फ्रिजच्या पलीकडचं दिसलं असतं. आभाने वळून बघितलं असतं. आणि तिचा जेवता हात थांबला असता.

"बाजी," मागून मुनिबा म्हणाली, "आभा को कुछ चाहिए क्या?"

"नहीं," प्रमिला म्हणाली. "खा रही है. खाने दो."

तिने दार हलकेच ओढून घेतलं, कडी बसल्याचा आवाज ऐकला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तोंडात तो अनोळखी घास अजून होता, आणि खरं सांगायचं तर फार चांगला लागत होता. आतून पळी पुन्हा वाजली. प्रमिलाने डोळे पुसले, बायकांकडे बघून हसली आणि म्हणाली, "आणखी एक गाणं होऊ दे ना. जरा मोठ्याने म्हणा."